संपणारं कार्डावर, साठणारं वहीत

अगं, दोन्ही आणून ठेवलंस ते ठीक, पण दोन्हींना एकाच कामाला जुंपू नकोस. फोनवर तू विचारलंस, "ताई, ती कोरी कार्डं वापरू की छोटी वही?" आणि मी "दोन्ही" म्हणाले, तेव्हा तुला वाटलं मी टाळतेय. टाळत नव्हते गं. बोरीवलीला गाडी फलाटाला लागत होती, आणि गाडी लागताना मी आईलासुद्धा धड उत्तर देत नाही. आता निवांत आहे, तर नीट सांगते.

तुझ्या डोक्यात सध्या काय काय चालतं ते मला न सांगता कळतं, कारण माझ्याही डोक्यात तेच चालतं. ऑफिसचं प्रेझेंटेशन, सासूबाईंच्या गोळ्या, सोसायटीचा मेंटेनन्स, आईच्या चष्म्याची काडी, गॅसचं बुकिंग, कुणाचं केळवण, कुणाचं बारसं. हे सगळं एका यादीत घातलं की यादी बघूनच दमायला होतं. पण जरा वेगळं काढून बघ. यातली काही कामं केली की संपली. चष्म्याची काडी बसवून आणली, विषय मिटला. ती कधी बसवली हे पुढे कुणी विचारणार नाही. आणि काही गोष्टी थोड्या थोड्या साठत जातात, सहा महिन्यांनी मागे जाऊन बघाव्या लागतात. सासूबाईंचं बीपी तेव्हा किती होतं, डॉक्टरांनी गोळी कधी बदलली, मेंटेनन्सचा चेक कुठल्या तारखेचा होता. माझा सगळा शहाणपणा एवढाच: संपणारं कार्डावर, साठणारं वहीत. पुढचं सगळं त्याचंच सविस्तर.

"मोबाईल आहे की," असं तुझा नवरा म्हणणारच. म्हणू दे. गजर, कॅलेंडर, तिकीट, पावतीचा फोटो यांना मोबाईलच बरा, मीही ती कामं त्यालाच सांगते. पण मोबाईल उघडला की आधी दिसतं काय आलंय ते, आणि आपण काय लिहायला उघडला होता ते मागे पडतं. सोसायटीच्या ग्रुपवर पाण्याच्या टाकीवरून जुंपलेली असते. ते वाचता वाचता कांदिवली जातं, मालाड जातं, आणि गोरेगावला आठवतं की आपल्याला 'रवा' एवढंच लिहायचं होतं. कोऱ्या कार्डावर दुसऱ्या कुणाचं भांडण येत नाही. तेवढ्यासाठी कागद हवा.

आता खरेदीचं. दुकानात 'इंडेक्स कार्ड' मागितलंस तर तीन बाय पाच इंचांची मिळतील, म्हणजे साधारण साडेसात बाय साडेबारा सेंटीमीटर. ग्रंथालयाच्या खणांत पुस्तकांची कार्डं असायची ना, त्याच मापाची. पण दर वेळी विकतच आणायला हवीत असं नाही. झेरॉक्सच्या दुकानात ए-फोर मापाचा जाड कार्डपेपर मिळतो. नेहमीचा झेरॉक्सचा कागद सत्तर-ऐंशी जीएसएमचा असतो. तू १८० ते २५० जीएसएमचा माग. एका कागदाचे आठ तुकडे केले की ७४ बाय १०५ मिलिमीटरचं कार्ड होतं, मोबाईलहून आखूड. दुकानात कटर असतो, सांगितलं तर कापूनही देतात. घरात जुन्या लग्नपत्रिकांचा ढीग असेल तर तो आधी संपव. फक्त चकचकीत पत्रिका घेऊ नकोस, तिच्यावर बॉलपेन उठत नाही.

वही घेताना मात्र कव्हर कमी आणि बांधणी जास्त बघ. पिन मारलेल्या वहीचं एक पान फाडलं की पलीकडचं जोडपान सुटून येतं. स्पायरलची तार ओढणीत अडकते, पर्सचं अस्तर उसवते, आणि मुख्य म्हणजे तिचं पान फाडायचा मोह होतो. वहीचं पान फाडायचं नसतं. म्हणून दोऱ्याने शिवलेली घे, तळहाताएवढी, रेघांची. आणि क्रॉफर्ड मार्केटजवळच्या अब्दुल रहमान स्ट्रीटला घाऊक स्टेशनरी मिळते म्हणून तिकडे धावू नकोस. पाच रंगांच्या वह्या घेऊन येशील आणि कोणत्या रंगात काय लिहायचं हे ठरवण्यातच पावसाळा निघून जाईल.

कार्डाचा नियम एकच, आणि तो मोडलास तर कार्ड वापरण्यात अर्थ नाही: एका कार्डावर एकच गोष्ट. 'बाजार' हे एक कार्ड, 'बँक' दुसरं, 'आईकडे जाताना न्यायचं' हे तिसरं. लिहायचं एकाच बाजूला, म्हणजे पसरून ठेवलं की सगळं एका नजरेत येतं. उजव्या कोपऱ्यात तारीख. तू म्हणशील, कार्डभर जागा असताना दोनच ओळी लिहून ती वाया घालवायची? हो, घालवायची. कारण आपल्याला कामं ज्या क्रमाने आठवतात त्या क्रमाने ती करायची नसतात.

ही अडचण मोठमोठ्या विद्वानांनाही आलेली आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात संस्कृतचा एक प्रचंड शब्दकोश तयार होतोय. डॉ. सु. मं. कत्रे यांनी १९४८ साली त्याचं काम सुरू केलं. कोणता शब्द कुठे, कधी, कोणत्या अर्थाने आला हे त्यात ऐतिहासिक क्रमाने द्यायचं होतं. त्यासाठी सुमारे दीड हजार ग्रंथ वाचून शब्दांच्या चिठ्ठ्या केल्या गेल्या, सुमारे एक कोटी. पहिला खंड निघाला १९७६ साली आणि काम अजून चालूच आहे. तिथे खणाखणांची कपाटं या चिठ्ठ्यांनी भरलेली आहेत. आता बघ, एवढ्या विद्वानांनी जाडजूड वह्या का नाही घातल्या? कारण ग्रंथ वाचताना शब्द भेटतात ग्रंथाच्या क्रमाने, आणि कोशात लावायचे असतात अकारविल्हे. वहीत लिहिले असते तर एकाच शब्दाची उदाहरणं शंभर वह्यांत विखुरली असती. चिठ्ठी उचलून हव्या त्या जागी लावता येते.

तुझ्या बाजाराचं गणित याहून वेगळं नाही. तुला आधी आठवतं तूप, मग चपलेचा अंगठा, मग कोथिंबीर, मग टेलरकडचा ब्लाऊज. पण तू स्टेशनाबाहेर पडून लोकमान्य टिळक रोडने वझिरा नाक्याकडे चालत जाणार, तर वाटेत आधी काय लागतं, मग काय लागतं, तसं ते हातात हवं. टेलर आधी, कारण त्याचं दुकान वेळेवर बंद होतं. भाजी सर्वांत शेवटी, कारण ती दाबली जाते. बाजारासारखं एकच कार्ड असलं तरी ते निघण्याआधी या क्रमाने लिहायचं. आणि दिवसाची सगळी कार्डं हाती घेऊन पत्ते पिसतात तशी वर-खाली लावायची. सगळ्यांत वरचं कार्ड म्हणजे आत्ताचं काम. ते झालं आणि त्यातलं वहीत उतरवण्यासारखं काही नसलं की फाडून टाकायचं. फाडताना जे बरं वाटतं ना, ते वहीत काट मारून वाटत नाही.

पत्त्यांवरून आठवलं. फ्रान्समध्ये राज्यक्रांतीनंतर चर्चची आणि मठांची ग्रंथालयं सरकारजमा झाली, तेव्हा १७९१ साली त्या पुस्तकांची नोंद करायला खेळायच्या पत्त्यांची पाठ वापरायचं ठरलं होतं. तेव्हा पत्त्यांची पाठ कोरी असायची, कागद जाड असायचा, आणि पत्ते गावोगावी मिळायचे. आपल्या आजीनेही याहून वेगळं काही केलं नसतं. अलीकडचंही सांगते. हातात धरायचे महागडे छोटे संगणक मिरवायची टूम होती, तेव्हा २००४ साली मर्लिन मान नावाच्या अमेरिकन लेखकाने कोऱ्या कार्डांचा गठ्ठा काळ्या बाइंडर क्लिपमध्ये अडकवला आणि हाच माझा संगणक म्हणून जाहीर केलं. गंमत म्हणून केलेलं, पण लोकांनी ते मनावर घेतलं, कारण ते चालत होतं. तूही तेवढंच कर. दहा-बारा कोरी कार्डं, चार लिहिलेली, एक क्लिप. आणखी काही जोडायला गेलीस की ते सांभाळणं हेच एक काम होऊन बसतं.

पण या परदेशी युक्त्यांमध्ये एक गोष्ट गृहीत धरलेली असते: खिसा. पुरुषांच्या शर्टाला तो असतोच. आपल्या साडीला कुठला आलाय, आणि कुडत्याला शिंपी शिवून देईल तर खरं. म्हणून पहिल्यांदा कार्डाची जागा ठरव. पर्सच्या पोटात टाकलंस तर गेलं. डबा, छत्री, पाण्याची बाटली यांच्याखाली ते शनिवारी सापडेल. माझं वरचं कार्ड मोबाईलच्या पुस्तकी कव्हरच्या कप्प्यात असतं आणि बाकीचा गठ्ठा पर्सच्या बाहेरच्या चेनमध्ये. पुढच्या वेळी कुडता शिवायला टाकशील तेव्हा उजव्या शिवणीत खिसा सांगूनच टाक, आणि त्याची खोली हाताने दाखव. नुसतं 'खिसा हवा' म्हटलं तर रुमालही मावणार नाही असा लावून देतात.

आता लिहायचं कधी आणि कुठे. चर्चगेट ते बोरीवली पहिली लेडीज स्पेशल धावली ५ मे १९९२ रोजी. तेव्हापासून त्या गाडीत बायकांनी भाजी निवडली, डोहाळजेवणं केली, हळदीकुंकू केलं. याद्या तर किती केल्या असतील. पण आपल्या रोजच्या गाडीचं खरं बोलू. सकाळी बोरीवलीहून सुटणारी गाडी पकडलीस तर बसायला मिळण्याची आशा तरी असते. तेव्हा मांडीवर वही उघडता येते. संध्याकाळी दादरला चढलीस तर एक हात वरच्या कडीला, दुसऱ्याने पर्स पोटाशी. तिथे वही उघडायची म्हणजे दोन हात हवेत, आणि पानं उलटायला तिसरा. कार्ड जाड असतं, मोबाईलच्या पाठीवर टेकवून एका हाताने दोन शब्द लिहिता येतात. म्हणून माझा सरळ हिशोब आहे: बसलीस तर वही, उभी असलीस तर कार्ड. काहीही असो, फूटबोर्डजवळ उभी राहून लिहायचं नाही. रवा राहिला तर राहू दे.

जुलै आला की पेनाचं बघ. जेल पेनची शाई एका थेंबाने पसरते, आणि पावसात चर्चगेटपासून बोरीवलीपर्यंत कोरडं कुणी येत नाही. साध्या बॉलपेनची शाई तेलकट असते, ती टिकते. शिसपेन्सिल तर पाण्याला दादच देत नाही. पावसाळ्यात चार महिने आखूड पेन्सिल ठेव आणि गठ्ठा एका छोट्या झिपच्या पिशवीत घाल. ओली झालेली कार्डं एकमेकांवर ठेवून वाळवू नकोस, चिकटतात. रात्री पंख्याखाली वेगवेगळी पसर.

कार्डाचे गुण सांगितले, आता खोडी सांगते. कार्ड हरवतं. कार्डाला मागचं-पुढचं माहीत नसतं. आणि न झालेली कार्डं गठ्ठ्याच्या तळाशी जाऊन गुपचूप बसतात. त्यावर उपाय असा: आठवडा संपला की राहिलेलं कार्ड तसंच पुढे न्यायचं नाही, नव्यावर पुन्हा लिहायचं आणि जुनं फाडायचं. हाताने पुन्हा लिहावं लागलं की आपोआप प्रश्न पडतो, हे खरंच करायचंय का? तीनदा उतरवलं आणि तरी झालं नाही, तर ते काम तुला करायचं नाही हे मान्य कर. 'माळ्यावरचं आवरणे' हे कार्ड कित्येक बायका वर्षभर उतरवत असतील. एकदा सोडून दिलं की बाकीची कामं मोकळा श्वास घेतात.

आता वहीकडे ये. वहीचं बळ नेमकं कार्डाच्या उलट आहे: तिची पानं हलत नाहीत. आधीचं आधी राहतं, नंतरचं नंतर. जुने दुकानदार रोजकीर्द लिहायचे ती अशीच, ज्या दिवशी जे घडलं ते त्या दिवसाखाली, आणि मग सवडीने ज्याच्या त्याच्या खात्यावर खतावणी करायचे. ग्रंथालयातही बघ. पुस्तक शोधायला सुटी कार्डं, कारण नवं पुस्तक आलं की त्याचं कार्ड मध्येच घालावं लागतं. पण पुस्तक ग्रंथालयात कधी आलं, कितीला आलं, त्याचा दाखल क्रमांक काय, हे असतं बांधीव दाखल नोंदवहीत. तिथे मध्ये काही घालायचं नाही आणि काढायचंही नाही. एकाच छपराखाली दोन्ही पद्धती सुखाने नांदायच्या, कारण दोघींची कामं वेगळी. आता बहुतेक ठिकाणी संगणक आला तरी त्यामागचा विचार तोच आहे.

तुझ्या वहीत काय जायला हवं ते सांगते. बीपी आणि साखर: तारीख, वेळ, वरचा-खालचा आकडा, आणि गोळी घेतली होती का. डॉक्टरांना एका दिवसाच्या आकड्याहून चढउतार कसा आहे तो हवा असतो. गॅसची टाकी कधी लावली. पाण्याच्या फिल्टरची कँडल कधी बदलली. प्लंबरने काय काम केलं आणि किती घेतले. वॉर्ड ऑफिसात किंवा बँकेत अर्ज दिला तर तारीख आणि आवक क्रमांक, आणि कोणत्या खिडकीवर दिला तेही. घरभाड्याची अनामत, कुणाला दिलेले उसने पैसे, लग्नात आलेला आहेर. आहेराचं तर नक्की लिही. परतफेडीची वेळ येते तेव्हा आईसुद्धा छातीठोकपणे सांगू शकत नाही, आणि मग दोन्ही घरांत उगाच कुजबुज होते.

लिहायची पद्धत साधी ठेव. वही आणलीस की आधी पानांना आकडे घाल. शेवटची दोन पानं कोरी सोड. तिथे विषय आणि पानाचा आकडा लिहीत जायचं. 'बीपी ३, ९, १४', 'प्लंबर ६, २१'. एवढ्याने वही शोधायला कार्डाइतकीच सोपी होते. आणि चारी बाजूंना समास सोड. दासबोधात एकोणिसाव्या दशकाचा पहिलाच समास लेखनक्रियेवर आहे, माहीत आहे ना? अक्षर कसं असावं, ओळी कशा असाव्यात, हे समर्थांनी बारकाईने सांगितलंय. त्यातच भोवताली जागा सोडून लिहायला सांगितलंय, म्हणजे कागदाच्या कडा झिजल्या तरी अक्षराला धक्का लागणार नाही. वह्या बांधून झोळीतून गावोगाव न्यायच्या त्या काळातली ही गोष्ट. पर्समध्ये रोज घासणाऱ्या आपल्या वहीला ती जशीच्या तशी लागू पडते. कडेपर्यंत लिहिलेला फोन नंबर सहा महिन्यांनी नऊ आकड्यांचा झालेला असतो.

दोन्हींची गाठ घालायला आठवड्यातून एक वेळ ठरव. माझी शनिवारी रात्री, जेवणं आटोपल्यावर. सगळी कार्डं ओट्यावर काढायची. झालेल्या कामातलं काही पुढे लागेल का, एवढंच बघायचं. 'फिल्टरवाल्याला बोलावणे' हे कार्ड संपलं; पण तो आला त्या दिवसाची तारीख आणि दिलेले पैसे वहीत गेले. मग कार्ड कचऱ्यात. उरलेली नव्याने लिहायची. चहा निवण्याआधी संपतं सगळं, उगाच त्याचा सोहळा करू नकोस.

आता ज्यासाठी हे सगळं सांगायला घेतलं ते ऐक, कारण हे मी चारचौघांत बोलणार नाही. वहीतली यादी सगळी तुझ्या अक्षरात असते. सासूबाईंची गोळी, नवऱ्याच्या गाडीचा इन्शुरन्स, दिराच्या पोराचा फॉर्म, सगळं एकाखाली एक. वाचताना असं वाटायला लागतं की हे सगळं आपलंच काम आहे. घरच्यांनाही तसंच वाटतं, कारण वही तुझी. कार्डं मात्र पलंगावर पसरून बघ. मग एकेक उचल आणि विचार, हे नेमकं कुणाचं काम? इन्शुरन्स गाडीवाल्याचा. फॉर्म पोराच्या बापाचा. लाइट बिल जो घरात आधी मोबाईल उघडतो त्याचं. असे तीन ढिगारे झाले की तुला कळेल, तू इतकी का दमतेस.

आणि मग ते कार्ड उचलून ज्याचं त्याच्या हातात द्यायचं. तोंडी सांगितलं की "बघतो" म्हणतात आणि विसरतात, आणि आठवण करून द्यायचं काम पुन्हा आपल्याकडे येतं. कार्ड दिलं की काम त्याच्याकडे गेलं. वही कुणाला देता येत नाही, तिचं पान फाडता येत नाही. कार्ड देता येतं, हा त्याचा सगळ्यांत मोठा गुण. पण देताना पूर्ण दे. कार्डावर 'इन्शुरन्स' असं अर्धवट लिहून देऊ नकोस, मग तो विचारत सुटेल. 'गाडीचा इन्शुरन्स, २० तारखेच्या आत, जुना कागद कपाटातल्या निळ्या फाइलमध्ये' असं लिही. आणि दिल्यावर त्याच्या मागे उभी राहू नकोस. त्याने तुझ्याहून वेगळ्या पद्धतीने केलं तरी केलं. तुझा नवरा चांगला आहे गं, त्याला फक्त दिसत नाही. दिसेल असं हातात दे. सासूबाईंनाही एखादं मानाचं कार्ड जाऊ दे. गौरीच्या सामानाची यादी त्यांच्या हाती दिलीस तर त्या खूश होतील, आणि ती यादी त्या तुझ्याहून चांगली करतील.

एक सावधगिरी. कार्ड कुठेही पडतं, रिक्षात, फलाटावर, टेलरच्या टेबलावर. त्यावर पिन, पासवर्ड, आधारचा आकडा, घराचा पत्ता काही नको. 'सोनाराकडून बांगड्या आणणे, शुक्रवारी संध्याकाळी' असलं तर अजिबात नको. वहीच्या पहिल्या पानावर फक्त फोन नंबर, सापडली तर कळवा म्हणून. आणि मनातलं काही लिहावंसं वाटलं, कुणाचा राग आला, कुणाचं बोलणं लागलं, तर ते या वहीत लिहू नकोस. ही वही घरभर फिरते. प्लंबर किती घेऊन गेला हे बघायला कुणीही उघडेल. मनातल्यासाठी वेगळी वही कर, नाहीतर मला फोन कर. बोरीवलीहून गाडी सुटल्यावर मी बोलायला मोकळी असते.

आता सुरुवात कशी करायची ते सांगून थांबते. या आठवड्यात वही उघडूच नकोस. नुसती कार्डं वापर, जे आठवेल ते, एकावर एक. शनिवारी पसर. संपलेली फाड, दुसऱ्यांची त्यांच्या हातात दे, आणि जे साठवण्याजोगं दिसेल तेच वहीत लिही. तुझ्या घरात खरोखर काय साठतं हे तेव्हाच कळेल. आधीच पानांवर सुंदर मथळे घालून बसलीस तर त्यातले निम्मे कायम रिकामे राहतात. आणि ही वही भरेपर्यंत दुसरी घ्यायची नाही, कितीही गोड कव्हर दिसलं तरी. शनिवारी पहिलं कार्ड नवऱ्याच्या हातात दिलंस की तो काय म्हणाला ते मला कळव. "हे काय?" असं विचारलं तर सांग, "तुझं काम आहे, ताईने दिलंय."